कडी लावलेली असते, तरीही...

काही इंग्रजी आद्याक्षरे आपल्या घरांत इतकी रुळली आहेत, की ती मराठीच वाटावीत. आधी बीपी आला, मग ईएमआय आला, आणि गेल्या काही वर्षांत ओसीडीही येऊन बसला. टेबलावरची पेने एका रेषेत ठेवणारा तरुण हसत हसत सांगतो, ‘मला जरा ओसीडी आहे.’ डब्यांची मांडणी बदललेली न खपणाऱ्या सासूबाईंविषयी सूनबाई मैत्रिणीला फोनवर तेच सांगतात. यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण झाले असे, की टापटिपीला आजाराचे नाव मिळाले आणि ज्यांना खरोखर आजार आहे, त्यांचे दुःख टापटिपीच्या पंगतीला जाऊन बसले.

खरा ओसीडी कसा असतो? सतरा वर्षांची मुलगी सकाळी बेसिनपाशी उभी राहते आणि तासाभराने बाहेर येते. हातांची सालपटे निघालेली असतात, कॉलेजचा पहिला तास बुडालेला असतो आणि हात स्वच्छ झाल्याची खात्री तिला अजूनही नसते. एक गृहस्थ कुलूप लावून निघतात, कोपऱ्यावरून परततात, कुलूप ओढून पाहतात, पुन्हा निघतात, पुन्हा परततात. नुकतीच आई झालेली एखादी तरुणी सुरी हातात घ्यायलाच घाबरते. आपल्याच हातून बाळाला काही इजा होईल, असा विचार मनात चमकून गेलेला असतो आणि त्या विचारानेच ती हादरलेली असते. यांतल्या कुणालाही स्वच्छतेची किंवा शिस्तीची हौस नाही. नको असलेला विचार वारंवार घुसतो आणि त्याची भीती शमवण्यासाठी तीच कृती वारंवार करावी लागते. त्यात दिवसाचा तासाहून अधिक वेळ जातो, किंवा अभ्यास, नोकरी, संसार यांची घडी मोडते. अशा वेळी डॉक्टर त्याला विकार म्हणतात.

आपल्या भाषेत याला एक जुना शब्द आहे: मंत्रचळ. मंत्र आणि चळ. मंत्र जपताना काही चूक घडली तर माणसाला चळ लागतो, अशी जुनी समजूत. समजूत बाजूला ठेवू; पण शब्द घडवणाऱ्याने रोगाची नस बरोबर पकडली होती, असे मला वाटते. ‘आपल्या हातून काहीतरी चुकले आहे’ ही भावनाच या विकाराच्या मुळाशी आहे. काही जण घाईने निष्कर्ष काढतात, की आपल्या सोवळ्या-ओवळ्यातूनच हा रोग आला. तसे नाही. सोवळे न पाळणाऱ्या समाजांतही तो आढळतो. समाज फक्त विषय पुरवतो. कुणी विटाळाला भितो, कुणी जंतूंना, कुणी पापाला. यंत्राचा बिघाड मात्र सगळीकडे सारखाच.

बिघाड किती घरांत आहे? बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मानसिक आरोग्याची राष्ट्रीय पाहणी केली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तीत प्रौढांमध्ये ओसीडीचे प्रमाण सुमारे ०.८ टक्के आढळले. टक्केवारीत आकडा अंगावर येत नाही, म्हणून बँकेतल्या सवयीने मी गुणाकार करून पाहिला. प्रौढ लोकसंख्या नव्वद कोटी धरली, तर ही माणसे बहात्तर लाख होतात. शिवाय हा विकार बहुधा किशोरवयात किंवा विशीच्या आसपास डोके वर काढतो. म्हणजे नेमका दहावी-बारावी, पदवी, पहिली नोकरी, लग्न यांच्या वाटेवर आडवा येतो.

आता प्रश्न असा, की ज्याला स्वतःलाच कळते की हात स्वच्छ आहेत, कडी लावलेली आहे, तो थांबत का नाही? घरोघर हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्याचे तयार उत्तर असते: ‘मनाचा निग्रह हवा.’ या उत्तराची तपासणी गेली चाळीसेक वर्षे प्रयोगशाळांत चालू आहे. तिचा हिशेब वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा उद्देश.

पहिली गोष्ट विचारांची. १९७८ साली लंडनमध्ये रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी धडधाकट माणसांना विचारले, की तुमच्या मनात नको ते, भलतेसलते विचार अवचित येतात का? दर पाचांतल्या सुमारे चौघांनी ‘येतात’ असे सांगितले. गच्चीच्या कठड्याशी उभे असताना ‘उडी मारली तर?’ हे मनात येणे, देवापुढे हात जोडले असता नेमका अभद्र शब्द आठवणे, हे तुमच्याआमच्या मनात घडतच असते. आपण ‘काय हे वेड्यासारखे!’ म्हणतो आणि पुढे जातो. रुग्णाला तो विचार चिकटतो. तो झटकून टाकायला जावे, तर आणखी घट्ट होतो. औषध घेताना माकडाची आठवण काढू नकोस, असे बजावलेल्या माणसाची गोष्ट आपल्याला ठाऊकच आहे. १९८७ साली अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी माकडाऐवजी पांढरे अस्वल घेऊन तेच प्रयोगाने दाखवले. म्हणजे विचार रोखणे कुणालाच फारसे जमत नाही. निग्रहाच्या पहिल्या परीक्षेत आपण सगळेच नापास आहोत.

दुसरी गोष्ट हाताची, म्हणजे कृती रोखण्याची. तिच्यासाठी एक साधी चाचणी आहे. पडद्यावर बाण दिसतो. तो डावीकडे असेल तर डावे बटण, उजवीकडे असेल तर उजवे, शक्य तितक्या चटकन दाबायचे. मधूनच बाणापाठोपाठ एक ‘पीं’ असा आवाज येतो. तो आला तर बटण दाबायचे नाही. निघालेला हात आवरायचा. १९८४ साली लोगन आणि कावन या शास्त्रज्ञांनी याचे गणित बसवले. त्यांच्या मते मेंदूत दोन प्रक्रियांची शर्यत लागते: ‘कर’ म्हणणारी आणि ‘थांब’ म्हणणारी. बँकेत ‘स्टॉप पेमेंट’चे पत्र आणि चेक यांची अशीच शर्यत असते. पत्र चेकच्या आधी टेबलावर आले तर पैसे वाचले. क्षणभर उशिरा आले, की चेक वटला. पत्र लिहिणाऱ्याच्या इच्छेत काही खोट नसते. पत्र पोहोचायला लागलेल्या वेळेचा हा मामला असतो. निरोगी माणसाच्या मेंदूत हे पत्र साधारणपणे सेकंदाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शात पोहोचते.

केंब्रिजमध्ये २००६च्या सुमारास झालेल्या अभ्यासांत असे दिसले, की ओसीडीच्या रुग्णांचे हे पत्र सरासरीने थोडे उशिरा पोहोचते. २००७ मधली त्याहून महत्त्वाची नोंद अशी, की रुग्णांच्या ज्या जवळच्या नातेवाइकांना स्वतःला आजार नव्हता, त्यांच्यातही हीच दिरंगाई आढळली. म्हणजे ब्रेकचा हा ढिलेपणा काही अंशी घराण्यातून येत असावा. ‘हिने स्वतःला लावून घेतलंय’ म्हणणाऱ्या भावाची तपासणी केली, तर कदाचित त्याचाही ब्रेक थोडा उशिराच लागेल!

पण वकिलाने आपल्या बाजूचाच पुरावा मांडावा तसे इथे करून चालणार नाही. हा फरक सरासरीचा आहे आणि माफक आहे. कित्येक रुग्ण ही चाचणी उत्तम देतात, कित्येक निरोगी माणसे अडखळतात. चंचल, अतिचपळ मुलांतही हाच ढिलेपणा दिसतो. त्यामुळे अशा चाचणीवरून कुणी निदान करत नाही, करूही नये. तात्पर्य एवढेच, की ‘थांब’ हा हुकूम मेंदूतल्या यंत्रणेमार्फत बजावला जातो, आणि यंत्रणेची गती प्रत्येकाची सारखी नसते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत बोलकी वाटते. आपल्या हातून चूक झाली, की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत, म्हणजे आपल्याला नीट उमगण्याआधीच, मेंदूत एक विद्युतलहर उठते. डोक्याला तारा लावून ती मोजता येते. ही मेंदूची धोक्याची घंटा. २०००च्या सुमारास आढळले, की ओसीडीच्या रुग्णांत ही लहर इतरांपेक्षा मोठी असते. यंत्रणा झोपलेली नसते, उलट ती अतिदक्ष असते. चिमूटभर चुकीला ती दरोडा पडल्यासारखी वाजते. पुढे मुलांवरच्या एका अभ्यासात दिसले, की उपचारांनी हात धुणे थांबले, भीती ओसरली, तरी ती लहर मोठीच राहिली. याचा अर्थ माझ्या समजुतीप्रमाणे असा, की घंटा बंद पडत नाही. घंटा वाजली तरी जागेवरून न उठणे माणूस शिकतो. बरे होणे म्हणतात ते हेच. निग्रहाची याहून अवघड परीक्षा मला तरी माहीत नाही.

२०२०च्या त्या भयाण दिवसांत सगळ्या जगाला हात धुण्याचा आदेश मिळाला होता. वीस सेकंद धुवा. त्या आदेशाला शेवट होता, तो आकड्यात सांगितला होता, आणि आपण वीस मोजून नळ बंद करत होतो. ‘झाले’ असे आतून कुणीतरी म्हणत होते. रुग्णाला ऐकू येत नाही तो हाच आवाज.

मग तो पुन्हा पाहतो. पण पुन्हा पाहून खात्री वाढते का? नेदरलँडमधल्या व्हॅन डेन हाउट आणि किंड्ट यांनी २००३ मध्ये एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी लोकांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवली आणि तिची बटणे बंद आहेत का, हे पुन्हा पुन्हा तपासायला लावले. नंतर विचारले, शेवटी काय पाहिलेत? उत्तरे बरोबरच होती. आठवण शाबूत होती. पण त्या आठवणीवरचा विश्वास उडाला होता. चित्र धूसर झाले होते. आपण समजतो, पाच वेळा पाहिले म्हणजे पाचपट खात्री. प्रत्यक्षात प्रत्येक फेरीला खात्रीच्या खात्यातून रक्कम काढली जाते. शंका तपासून फिटत नाही. ती व्याज लावून परत येते.

हे वाचताना मला आमच्या शाखेतले एक हेडकॅशियर आठवले. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या, दोघांच्या ताब्यात. दोघांच्या साक्षीने दार बंद व्हायचे, रजिस्टरवर सह्या व्हायच्या, आणि त्या सहीबरोबर दिवस संपायचा. बँकेच्या कारभारात मला नेहमीच शहाणपणाचे वाटले ते हे, की तिथे तपासणीला शेवट असतो. रुपयाचा फरक असेल तर रात्री नऊपर्यंत शोधायचा. पण टॅली झाले, सही झाली, की घरी जायचे. या गृहस्थांना सहीचा आधार पुरत नसे. ते बसस्टॉपवरून परत येत, शटर ओढून पाहत. त्यांच्या रोकडीत कधी पैशाचाही फरक पडला नाही. लोक त्यांच्या काटेकोरपणाचे कौतुकही करत आणि पाठीमागे नक्कलही. २०००च्या अखेरीस सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, तेव्हा त्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज दिला. सेवेची बरीच वर्षे उरली होती. ‘किल्ली सांभाळवत नाही,’ एवढेच ते म्हणाले. त्या काळी शाखेत कुणालाही या गोष्टीचे वैद्यकीय नाव ठाऊक नव्हते. एक अत्यंत सचोटीचा माणूस कामातून उठला, तो कामचुकारपणामुळे नव्हे.

कादंबरी लिहिणाऱ्याला अशा माणसाच्या भूतकाळात एखादे गुपित शोधण्याचा मोह होतो. वारंवार हात धुणाऱ्याच्या हातावर कसला तरी डाग असलाच पाहिजे! फ्रॉइडने १९०९ मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली आणि मनाच्या तळघरातले अर्थ उलगडून दाखवले. वाचायला ती कथा विलक्षण आहे. पण नुसत्या अर्थ लावण्याने हात धुणे थांबले, असे फारसे झाले नाही. रुग्णांच्या उपयोगी पडला तो एक रुक्ष, बिनकथेचा उपाय.

१९६६ साली लंडनमध्ये व्हिक्टर मायर यांनी दोन रुग्णांवर तो करून पाहिला. ज्याची भीती वाटते ते समोर आणायचे, आणि नंतरची ‘शुद्धी’ होऊ द्यायची नाही. परिचारिका जवळ असत. घाणेरडी वाटणारी वस्तू हाताळायची, आणि हात न धुता बसायचे. भीती चढते, शिगेला पोहोचते, आणि आश्चर्य म्हणजे काही न करताही हळूहळू ओसरते. हे पायरीपायरीने, रुग्णाच्या संमतीने, पुन्हा पुन्हा केले, की मेंदू शिकतो: घंटा वाजली, मी उठलो नाही, आणि आकाश कोसळले नाही. आज जगभर हीच या आजारावरची प्रमुख मानसोपचार पद्धत आहे.

दुसरी बाजू औषधांची. क्लोमिप्रामीन या औषधाला अमेरिकेत १९८९ मध्ये ओसीडीसाठी मान्यता मिळाली. नंतर फ्लुओक्सेटीन, फ्लुवोक्सामीन वगैरे आली. त्यांचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात आणि मात्राही बहुधा नैराश्यापेक्षा अधिक लागते. ‘महिना झाला, फरक नाही’ म्हणून गोळ्या सोडणारे म्हणूनच फसतात. १९९२ साली लॉस एंजेलिसमध्ये बॅक्स्टर आणि सहकाऱ्यांनी रुग्णांच्या एका छोट्या गटाचे उपचारांआधी आणि नंतर मेंदूचे स्कॅन घेतले. गोळ्यांनी बरे वाटलेल्यांच्या मेंदूत खोलवरच्या एका केंद्राची जादा धावपळ कमी झाली होती. आणि गोळ्या न घेता केवळ वर्तनोपचारांनी बरे वाटलेल्यांच्या मेंदूतही नेमके तिथेच तेच घडले होते. शरीर वेगळे, मन वेगळे, असे मानणाऱ्यांनी यावर थोडा वेळ विचार करावा.

आता आपल्या घराकडे वळू. हा आजार एकट्याचा राहत नाही. तो घरातल्या सगळ्यांना कामाला लावतो. मुलगी विचारते, ‘आई, माझे हात स्वच्छ आहेत ना?’ आई म्हणते, ‘हो गं बाळा.’ पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. वडील बाहेरून येतात ते दारातच कपडे बदलतात, कारण तिला त्रास नको. धाकटा भाऊ तिच्या खुर्चीवर बसत नाही. हे सारे मायेपोटी चालते, आणि रोग मायेवरच पोसला जातो. कारण दर वेळी दिलेली खात्री म्हणजे आणखी एकदा ओढून पाहिलेले कुलूप. याचा अर्थ उद्यापासून नळ बंद करा, मुलीवर ओरडा, असा मुळीच नाही. तसे केल्यास ती आणखी चोरून धुवेल. उपचार करणाऱ्याच्या सल्ल्याने, मुलीशी बोलून, घराने एकेक गोष्ट कमी करायची असते. ‘हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे, आपण दोघी थोडा वेळ थांबू या, मी इथेच बसते,’ असे म्हणणारी आई उत्तर देणाऱ्या आईपेक्षा जास्त मदत करत असते. मात्र तिलाही कुणीतरी हे शिकवावे लागते.

शिकवणार कोण? इथे प्रश्न घराबाहेर पडतो आणि सरकारच्या दारी जातो. २०२३-२४च्या आर्थिक पाहणी अहवालाने मानसिक आरोग्याची सविस्तर दखल घेतली. त्यातल्या आकड्यानुसार आपल्याकडे लाखामागे पाऊण मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि असावेत किमान तीन. वर सांगितलेली पद्धत जाणणारे मानसशास्त्रज्ञ मोठ्या शहरांबाहेर शोधूनही सापडणे कठीण. परभणी-गडचिरोलीच्या मुलीने काय करावे? २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले, की विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यावे. कायदा २०१८ मध्ये अमलात आला. विमा नियामकाला २०२२ मध्ये कंपन्यांना पुन्हा बजावावे लागले. पण हिशेब पाहा. आपल्याकडच्या बहुतेक पॉलिसी मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चाच्या असतात. आणि ओसीडीचा रुग्ण क्वचितच दाखल होतो. त्याला हवे असतात आठवड्याला एक तास याप्रमाणे काही महिने, आणि रोजची गोळी. कागदावर बरोबरी आली, खिशात आली नाही. बाह्यरुग्ण मानसोपचारांचा खर्च विम्यात आल्याखेरीज त्या कलमाला अर्थ नाही.

एक चांगली गोष्टही नोंदवायला हवी. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य फोन करता येतो, मराठीत बोलता येते. फोनवर सगळा उपचार होणार नाही, पण पहिले दार उघडते. आणि पहिले दारच या आजारात सर्वांत जड असते, कारण रुग्ण लाजेने वर्षानुवर्षे लपवतो. ‘देवराई’ने २००४ मध्ये मराठी प्रेक्षकाला स्किझोफ्रेनिया समजावला, ‘कासव’ने नैराश्य. ओसीडीच्या वाट्याला अजून विनोदच जास्त आले आहेत.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘मला जरा ओसीडी आहे’ म्हणाले, तर त्याच्याशी वाद घालू नये. पण त्याच खोलीत कुणी गप्प होऊन स्वतःच्या हातांकडे पाहत असेल, तर तिकडे लक्ष असावे. मंत्रचळ हा शब्द घडवणाऱ्यांना वाटले, मंत्रात चूक झाली. मंत्र बरोबर होता. चुकीची घंटा तेवढी उगाच वाजत राहिली, आणि ती ऐकणाऱ्याला कुणी सांगितले नाही, की वाजू दे, तू बस.